विहीण होण्याआधीची विमल

विमल, पुन्हा तुला 'तू' म्हणते आहे. आपल्या मुलांचं लग्न झालं त्या दिवसापासून तू माझी 'विहीणबाई' झालीस, आणि ते लग्न मोडल्यावर तुला हाक मारायला माझ्याकडे शब्दच उरला नाही.

परवा रामकुंडावर तुझा दहावा झाला. मी बायकांच्या घोळक्यात मागे उभी होते. पिंड मांडले आणि सगळे कावळ्याची वाट बघत राहिले. कुणी म्हणालं, 'येणाऱ्या नातवंडाचं बारसं घोटीलाच करू.' कुणी तुझ्या यजमानांकडे बघून म्हणालं, 'भाऊंकडे नीट लक्ष देऊ.' मलाही काही म्हणायचं होतं. मनात शब्द जुळवत होते, तेवढ्यात कावळा येऊन शिवलासुद्धा. तू कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाहीस, तेव्हाही ठेवलं नाहीस. म्हणून माझं सांगायचं राहिलं ते इथे लिहिते.

नव्वदच्या सुरुवातीला तुम्ही सिडकोतल्या आमच्या गल्लीत राहायला आलात. तू घोटीची, भाताच्या गावची. तुझे यजमान सातपूरला कारखान्यात, एकुलता एक संदीप शाळेत. माझी अर्चना त्याच्याहून थोडी लहान. येता-जाता हसण्यापुरतीच आपली ओळख होती. मग त्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका दुपारी तू आमच्या दारात आलीस. पदराखाली काहीतरी धरलं होतंस.

"ताई, तुम्हाला इंग्रजी येतं ना? एवढं वाचून सांगाल? भावानं भाऊबीजेला मशीन दिलंय, पन ते नुसतं सरळ शिवतंय. आतमदी फुलं हायेत म्हणतो दुकानदार."

पदराखाली त्या मशीनचं माहितीपुस्तक होतं. माझ्याकडे आईनं दिलेलं काळं पायमशीन होतं, त्याला सरळ टाक्यापलीकडे काही येत नव्हतं. तुझं पोपटी रंगाचं, विजेवर चालणारं. सोबत एक डबी, आणि डबीत प्लॅस्टिकच्या गोल चकत्या. मी पुस्तक वाचत होते, तू तुझ्या बोटांनी चकत्या चाचपत होतीस. एक चकती मशीनच्या पोटात बसवली, बटण फिरवलं आणि पायाखालचं पेडल हळूच दाबलंस. सुई उजवीकडे-डावीकडे नाचायला लागली आणि मागून एकामागे एक पानं बाहेर यायला लागली. तू मशीन थांबवलंस. कापड हातात घेऊन उलटसुलट बघितलंस आणि म्हणालीस, "माझ्या आयला दाखवायला पाहिजे होतं हे." तुझी आई तेव्हा हयात नव्हती. त्या दिवसापासून 'ताई' संपलं आणि आपण अगं-तुगं करू लागलो.

दुपारी जेवणं आटोपली की मी तुझ्याकडे यायचे. पातळ मलमलवर पानं काढली की कापड चुरगळायचं, टाक्यांच्या कडेनं आकसून यायचं. पुस्तकात लिहिलं होतं, खाली कागद धरा. आपण वर्तमानपत्र धरलं, तर गल्लीतल्या पाटलीणबाईंच्या नातवाच्या पांढऱ्या झबल्यावर बातम्यांची शाई उमटली. ते झबलं तीनतीनदा धुतलं तरी गळ्यापाशी करडा डाग राहिलाच. मग तुला सुचलं, नव्या साडीच्या घडीत येतो तो पातळ पांढरा कागद. मेनरोडवरच्या साडीच्या दुकानांत जाऊन तू बिनदिक्कत तो मागायचीस. मला लाज वाटायची. तू म्हणायचीस, "फेकूनच देत्यात ना ते? मग मागायला काय जातंय?" शिवून झालं की तो कागद टाक्यांच्या मधून अलगद फाडून काढायचा. ते काम माझं. तुला तेवढा धीर नव्हता.

गल्लीतल्या मुलींच्या रुखवताचं काम आपल्याकडे यायला लागलं. टीव्हीचं कव्हर, फ्रिजवरचं कापड, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ. आणि टेबलक्लॉथ आला की आपलं भांडण ठरलेलं. कोपरा आला की काय करायचं? माझं म्हणणं, पुस्तकात सांगितलंय तसं कोपऱ्याच्या अलीकडे वेल थांबवावी, कोपऱ्यात एकच फूल काढावं आणि पुढची बाजू नव्यानं सुरू करावी. चारी बाजू सारख्या येतात. तुला ते पटायचं नाही. सुई कापडात रुतवून ठेवायची, वरची दाबपट्टी उचलायची, कापड वळवायचं आणि तीच वेल पुढे न्यायची, असा तुझा हट्ट. दहांतल्या सात वेळा तुझं पान कोपऱ्यावर अर्धं कापलं जायचं. मी म्हणायचे, "बघ." तू म्हणायचीस, "शेतातली वेल बांधापाशी थांबून नव्यानं सुरू होती का? वळतीच ना?" मग आपण दोघी चहा होईपर्यंत बोलायचो नाही. चहा नेहमी तूच करायचीस, कारण गप्प बसणं तुला जमायचं नाही.

माझी आई वणीला वारली तेव्हा मी तेरा दिवस तिकडे होते. परत आले तर घर लखलखीत, अर्चनाच्या दोन वेण्या घातलेल्या, वेण्यांना निळ्या रिबिनी, आणि रिबिनींच्या कडेला बारीक चांदण्यांचे टाके. शाळेत सगळ्या मुलींनी विचारलं म्हणून ती हरखून सांगत होती. मी तुझे आभार मानले नाहीत. आपल्यात तसं बोलायची पद्धतच नव्हती. आज मानते.

मुलं मोठी झाली. अर्चना बी.कॉम. होऊन एका पतसंस्थेत नोकरीला लागली, संदीप डिप्लोमा करून अंबडच्या कारखान्यात. एका दुपारी मी कागद फाडत होते आणि तू मशीनवरून मान वर न करता म्हणालीस, "अर्चनाला आमच्याकडं दे."

मला वाटलं थट्टा करतेस. तू मशीन थांबवलंस. "थट्टा नाय करत. लय दिवस मनात होतं. पन आधी पोरांना इचार. पोरं नाय म्हणली तर माझं बोलणं ऐकलंच नाय असं समज."

मुलांना विचारलं. ती एकमेकांना लहानपणापासून ओळखत होती, दोघांनी हसून मान डोलावली. कुणावर कसली जबरदस्ती झाली नाही, हे मी नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितलं आहे. त्या दिवशी मी घरी गेले ती जवळजवळ पळतच. मला वाटलं, लेक आता कुठे लांब जायची नाही, मैत्रिणीच्याच घरी जाईल. याहून चांगलं काय असतं?

अर्चनाचं रुखवत आपण दोघींनी केलं. तुझ्या नणंदेनं विचारलं, "अगं, मुलाची आई कधी मुलीचं रुखवत करते का?" तू म्हणालीस, "मशीन माझ्याकडंय, तर कुणी करायचं?" पलंगपोस केवढा मोठा होता तो. मशीनवर त्याचं ओझं पेलेना, म्हणून मी समोर बसून कापड हातांवर धरायचे आणि तू शिवायचीस. शिवता शिवता माझ्याकडे बघून म्हणायचीस, "तुझ्या लेकीला माझ्याकडं काही कमी पडायचं नाय." मी म्हणायचे, "समोर बघ, टाका वाकडा जाईल."

लग्नाच्या दिवशी विहिणीचे पाय धुवायची वेळ आली. तू पाटावर बसलीस, मी ताम्हन घेऊन खाली. तू पाय मागे घेतलेस. तुझ्या नणंदेनं ते पुन्हा पुढे ओढून ताम्हनात ठेवले. मी पाणी घातलं तशी तू वाकून माझ्या कानाशी म्हणालीस, "लय गार हाय पाणी. उरक लवकर." मला हसू आवरेना. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. तुझी नणंद तेव्हाच म्हणाली, "आता अगं-तुगं पुरे. विहिणी आहात, रीतीनं वागा."

आपण रीतीनं वागायला लागलो. तिथेच आपलं चुकलं, विमल. मुलं वेगळी व्हायच्या कितीतरी आधी.

मुलीच्या आईनं रोज दुपारी तिच्या सासरी जाऊन बसायचं नसतं, असं मला सगळ्यांनी सांगितलं. तुलाही सांगितलं असणार. मी यायचं बंद केलं, तू बोलवायचं बंद केलंस. सणावाराला भेटलो की तू 'बसा ना, विहीणबाई, चहा घेणार का?' असं शुद्ध बोलायचीस. तुझ्या तोंडी ते इतकं परकं वाटायचं की मी 'नको' म्हणायचे. माझ्या काळ्या मशीनवर मी सरळ टाके घालत बसायचे. दोन घरं सोडून तुझं मशीन सुरू असल्याचा आवाज ऐकू यायचा, आणि मला तिथे जाता येत नव्हतं.

मुलांचं का जमलं नाही हे मला अजून नीट सांगता येत नाही. संदीपनं कधी हात उचलला नाही, की शिवी दिली नाही. तो कामावरून यायचा, जेवायचा, टीव्ही बघायचा. अर्चना बोलकी, तिला दिवसभराचं सगळं सांगायचं असायचं. तो 'हं' म्हणायचा. पुढे तिनं सांगायचं सोडलं. मग त्याला ती घुमी वाटायला लागली. तिला पुण्याच्या शाखेत बढती मिळाली, तो म्हणाला, 'मी नाशिक सोडणार नाही.' एवढ्यावर सगळं फाटत गेलं. एका संध्याकाळी ती बॅग घेऊन माझ्याकडे आली. "आई, तो वाईट नाही गं," ती म्हणाली. "पण त्या घरात मी एकटीच राहते असं वाटतं."

मग बैठक झाली, तुझ्या दिरांच्या घरी. दोन्हीकडची माणसं, मधे पोह्यांच्या बशा, कुणी हात न लावलेल्या. पुरुष बोलत होते. कुणीतरी तुला विचारलं, "वहिनी, तुमचं काय म्हणणं?" तू बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतीस. मग म्हणालीस, "पोरीचा जीवच नव्हता घरात."

मला ते वाक्य लागलं. मी म्हणाले, "जीव लागायला समोरच्यानं कधी दोन शब्द बोलावे लागतात." तुझ्याकडे बघून म्हणाले, आणि संदीप तिथेच बसला होता. त्याचे कान लाल झालेले दिसले. तू उठून आत गेलीस. आपल्या दोघींत त्यानंतर वर्षानुवर्षं शब्द नव्हता.

कागदोपत्री सगळं शांतपणे झालं. नंतर एक छोटा टेम्पो आमच्या दाराशी आला, रुखवत परत घेऊन. आमच्या यांनी खोकी थेट माळ्यावर टाकायला सांगितली. मी एक उघडलं. टीव्हीचं कव्हर, अभ्रे, तो पलंगपोस. एकेक वस्तू साडीच्या त्या पांढऱ्या कागदात गुंडाळलेली होती. धुतलेली, इस्त्री केलेली. त्या घरात ते कुणाच्या हातानं झालं असेल हे मला विचारायची गरज नव्हती. मी तेव्हाच दोन घरं ओलांडून यायला हवं होतं. मला वाटलं, तू यावंस. तुलाही तसंच वाटलं असेल.

मग तुम्ही घर बदललंत, द्वारकेच्या चौकापलीकडे गेलात. आपली पुन्हा गाठ पडली ती मेनरोडवर, दोऱ्यांच्या दुकानात. मी रिळं बघत होते. मोरपंखी रंगाचं एक उचललं तर शेजारून आवाज आला, "तो घेऊ नकोस. रंग सुटतो धुण्यात."

बघते तर तू. केस पांढरे झालेले. 'घेऊ नकोस' असं म्हणालीस, 'घेऊ नका' नव्हे. मी रीळ खाली ठेवलं. तू दुसरं काढून माझ्या हातात दिलंस.

"चष्मा बदललास," तू म्हणालीस.

"हो. तुझी तब्येत?"

"बरी हाय."

तेवढ्यात दुकानदारानं तुझी पुडी पुढे केली आणि तू निघालीस. पायऱ्या उतरताना एकदा मागे वळून बघितलंस. मी हातात रीळ धरून उभी होते. हाक मारली असती तर तू थांबली असतीस.

त्यानंतर कळलं ते तुझ्या दुखण्याचंच. पंधरा दिवसांपूर्वी फोन आला. "मी वैशाली बोलतेय," तिकडची मुलगी अडखळत म्हणाली. "संदीपची... म्हणजे विमलआईंची सून. आई तुमची फार आठवण काढतात. तुम्ही याल का?"

रिक्षात बसल्यावर द्वारकेच्या चौकात गर्दीत अडकले, आणि वाटलं, परत फिरावं. संदीप घरी असला तर काय बोलायचं? पण तो कामावर गेला होता. वैशालीनं दार उघडलं, सहा-सात महिन्यांची पोटुशी. मला नमस्कार करायला वाकायला लागली, मी तिला धरलं. हॉलमध्ये खाटेवर तू होतीस, एवढीशी झालेली. शेजारी खिडकीत ते पोपटी मशीन.

"आलीस?" तू म्हणालीस. "बस मशीनवर. हे झबलं राहिलंय माझं. मला बसवत नाय."

ना खुशाली, ना रडणं. मी बसले. तू पडल्या पडल्या सांगत होतीस, कोणती चकती, कोणता दोरा. गळ्याशी चांदण्या घातल्या, खालच्या कडेला वेल. झबल्याच्या बाजूच्या फटीपाशी कोपरा आला तर मी सवयीनं थांबले. "थांबलीस का?" तू उशीवरून विचारलंस. मी म्हणाले, "मी माझ्या पद्धतीनं करणार." तू म्हणालीस, "मरायला टेकले तरी माझं ऐकायची नायस." आणि आपण दोघी हसलो, तू खोकेपर्यंत हसलीस. वैशाली आतून धावत आली, आपल्याला बघून गोंधळली आणि कपडे वाळत घालायचे म्हणून गच्चीत निघून गेली. मला वाटतं ती मुद्दामच गेली. समंजस पोर आहे.

घरात आपण दोघीच होतो. मी म्हणाले, "विमल, त्या बैठकीत..."

तू डोळे मिटलेस. "दमले गं," म्हणालीस. "मंगळवारी ये. मंगळवारी बोलू."

मी तुझ्या कपाळावरून हात फिरवला आणि निघाले. तू रविवारी गेलीस.

बातमी कळल्यावर अर्चनाला पुण्याला फोन केला. ती म्हणाली, "आई, तुला एक माहिती नाही. मी नोकरी करते म्हणून घरात कुरकुर होती ना, तेव्हा सकाळी उठून त्या माझा डबा करायच्या. मी निघून आले त्या दिवशीही केला होता. तो मी ऑफिसात खाल्ला आणि संध्याकाळी तुझ्याकडे आले." मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तू त्यांचं नाव काढू देत नव्हतीस."

तर असं. 'पोरीचा जीवच नव्हता घरात' हे तू म्हणालीस, आणि त्याच पोरीला शेवटच्या दिवसापर्यंत डबा दिलास. त्या बैठकीत तू रागानं बोललीस असं मी इतकी वर्षं धरून चालले. आता वाटतं, तू दुःखानं बोलली असशील. विचारलं असतं तर सांगितलं असतंस.

तुला न्यायच्या आधी तुझ्या घरी आले तेव्हा बायका भिंतीशी बसल्या होत्या. तुझ्या माहेरच्या एका म्हातारीनं मला निरखून विचारलं, "तू कोण गं हिची?" सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, काही मला ओळखत होत्या, त्यांनी नजर खाली घातली. वैशाली तुझ्या पायाशी बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "त्या आईंच्या मैत्रीण आहेत." मग सरकून तिनं मला जागा दिली.

संदीप बाहेरून आला. मला बघून क्षणभर थबकला आणि पाया पडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो रडायला लागला, आणि मला दिसलं, कारखान्यातून येऊन मुकाट जेवणारा तो मुलगा आपल्या आईलाही कधी काही सांगू शकला नसेल. वेण्यांना रिबिनी बांधलेल्या माझ्या मुलीसोबत तो तुझ्या ओट्यावर खेळत असायचा, तेव्हाही तो कमीच बोलायचा. आपण बघितलं होतं ते, आपल्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मंगळवारी मी तुला जे सांगणार होते ते एवढंच होतं. तुझा संदीप चांगला मुलगा आहे. माझी अर्चना चांगली मुलगी आहे. त्यांचं जमलं नाही, विमल. पण आपलं जमलं होतं. त्यांच्यापायी आपण ते मोडायला नको होतं.